चारची बस गेल्यावर : जपानच्या जुन्या गावांची उन्हाळी सहल कशी आखावी

शिराकावा-गो या जपानमधल्या जुन्या डोंगरी गावाला मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथं फक्त पन्नास मिनिटं होते. पंचेचाळीस जणांची बस, पुढे झेंडी धरलेला टूर मॅनेजर आणि "सव्वाबाराला बसपाशी या, जेवण बुक आहे" अशी ताकीद. त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, दहा ग्रुप फोटोत. घरं पाहिली, म्हणजे त्यांचे फोटो काढले. दोन वर्षांनी त्याच गावात परत गेले तेव्हा आम्ही सहाजण होतो आणि सोबत एक गाइड. त्या खेपेला गावात रात्री राहिलो. चारच्या सुमाराला शेवटच्या बसगाड्या निघाल्या आणि अर्ध्या तासात गावच बदललं. दुकानांचे कापडी पडदे आत गेले, एका आजोबांनी अंगणात पाणी मारलं, भातशेतीत बेडकं सुरू झाली. कुणी फोटो काढत नव्हतं.

या लेखात पुढे जे सांगितलंय, त्याचं मूळ त्या संध्याकाळी आहे. जपानच्या जुन्या गावांत मुक्काम करायचा. दिवसा येऊन दिवसा जायचं असेल तर गाइडवर पैसे घालवू नका, फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत.

आधी तारखा

आपला उन्हाळा आणि त्यांचा उन्हाळा एक नव्हे, इथंच पहिली चूक होते. मुलांना एप्रिल-मेची सुट्टी लागते तेव्हा जपानमध्ये वसंत असतो, आणि 29 एप्रिल ते 5 मेच्या आसपास त्यांचा 'गोल्डन वीक' असतो. त्या आठवड्यात सगळा देश फिरायला निघतो. जपानी उन्हाळा जून ते ऑगस्टचा. त्यातला पहिला भाग पावसाचा: 'त्सुयु' म्हणतात तो पाऊस मध्य जपानात साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि जुलैच्या मध्यानंतर आटपतो. आपल्यासारखा धो-धो कमी, रिपरिप जास्त. मग ऊन. टोकियो-क्योतोत पारा पस्तिशीपलीकडे जातो आणि दमट हवेमुळे मे महिन्यातली मुंबई आठवते.

डोंगरातली गावं म्हणूनच निवडायची. ताकायामा साधारण 570 मीटर उंचीवर आहे आणि नाराइ 900 मीटरच्या वर. दुपारी तिथंही घाम निघतो, पण रात्री पांघरूण लागतं.

माझ्या मते सर्वांत चांगला काळ जुलैचा शेवटचा आठवडा ते 8 ऑगस्ट. पाऊस संपलेला असतो आणि 'ओबोन' सुरू व्हायचा असतो. ओबोन म्हणजे 13 ते 16 ऑगस्टच्या सुमाराचा पितरांचा सण. सगळे मूळ गावी जातात, त्यामुळे रेल्वेत जागा नाही, गावातल्या खाणावळी-निवास भरलेले आणि दर चढे. 11 ऑगस्टलाही सार्वजनिक सुट्टी असते, म्हणजे गर्दी त्याआधीच सुरू होते. ऑगस्टअखेर गर्दी ओसरते, पण वादळांचा मोसम असतो, एखादा दिवस हातात राखीव ठेवावा लागतो.

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या पालकांना या तारखा जमणार नाहीत, हे उघड आहे. निवृत्त मंडळींना उत्तम. अमेरिका-युरोपातल्या मराठी कुटुंबांनाही, कारण त्यांच्या मुलांना सुट्टी तेव्हाच असते. भारतातून आजी-आजोबांनी आणि तिकडून मुला-नातवंडांनी टोकियोत भेटायचं, असा बेत मी दोन घरांत यशस्वी झालेला पाहिलाय.

गाइड कसा निवडायचा

टोकियोत गाइडची गरज नाही. रेल्वेच्या पाट्या इंग्रजीत आहेत, फोन रस्ता दाखवतो. गरज डोंगरात आहे. तिथं निवास चालवणाऱ्या काकूंना इंग्रजी येत नाही, बस दिवसातून मोजक्या असतात आणि समोरच्या काळ्या लाकडी घराचा अर्थ सांगायला कुणीतरी लागतं. ताकायामाला आमच्या गाइडबाईंनी सांगितलेली एक गोष्ट घ्या. ताकायामाच्या भोवतालचा हिदा हा भाग डोंगराळ, भात कमी पिकायचा. म्हणून आठव्या शतकापासून तिथल्या लोकांना मालाऐवजी सुतार पाठवून कर फेडायची मुभा होती. राजधानीतली देवळं आणि वाडे बांधायला हिदाचे सुतार जायचे. हे ऐकल्यावर ताकायामाच्या गल्लीतल्या दारांच्या जाळ्यांकडे बघायची नजर बदलते.

जपानमध्ये सरकारी परीक्षा देऊन झालेले परवानाधारक दुभाषी-गाइड असतात. 2018 पासून परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं, फक्त ती पदवी लावता येत नाही. त्यामुळे "परवाना आहे का?" हे विचाराच, पण तेवढ्यावर थांबू नका. मी हे विचारते: या गावात तुम्ही रात्री राहिला आहात का? शाकाहारी माणसांना घेऊन गेला आहात का? ज्येष्ठांसाठी खिंडीतला रस्ता कुठून सोडता येतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ताबडतोब आलं तर माणूस कामाचा.

टूर कंपनीकडून जाणार असाल तर छापील कार्यक्रमातली गावांची नावं वाचू नका, तास वाचा. "ताकायामा – शिराकावा-गो – कानाझावा" असं एकाच दिवसात लिहिलं असेल तर शिराकावा-गो म्हणजे पार्किंगची जागा. गट आठ-दहांच्या पुढे गेला की गावातल्या घरगुती निवासात मावतच नाही, मग मुक्काम हायवेलगतच्या हॉटेलात पडतो. ही साधी गणितं आहेत, पण विकणारा ती सांगत नाही.

खर्च आटोक्यात ठेवायचा तर पूर्ण सहलीला गाइड नको. किसो खोरं, ताकायामा आणि शिराकावा-गो एवढ्यापुरता घ्या, बाकी स्वतः फिरा. काही शहरांत 'गुडविल गाइड' म्हणून स्वयंसेवक मिळतात. ते मोबदला घेत नाहीत, त्यांचा प्रवास, प्रवेशशुल्क आणि जेवण आपण करायचं. आधी कळवावं लागतं. आणि टिप देऊ नका, कुणालाच. आमच्यातल्या एका काकांनी गाइडबाईंच्या हातात नोट कोंबायचा प्रयत्न केला, त्या बिचाऱ्या दोन पावलं मागे सरकल्या. घरून नेलेली सुंठवडी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

व्हिसा, औषधं, पैसे

हे पटकन. भारतात राहणाऱ्या भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो: एकदाच प्रवेश, 90 दिवसांपर्यंत. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून करायचा. विमानतळावर तो फोनवर, इंटरनेट चालू ठेवून उघडून दाखवावा लागतो, छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून रोमिंग किंवा ई-सिमची सोय निघण्याआधी. पासपोर्ट सतत जवळ बाळगणं परदेशी पाहुण्यांना कायद्यानं बंधनकारक आहे, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका.

औषधांकडे दुर्लक्ष करू नका. ज्यात स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त आहे, ती सर्दीची औषधं न्यायला बंदी आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत हे द्रव्य असतं. वेष्टन वाचा, शंका असेल तर घरीच ठेवा. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. मांसाचे पदार्थ, ताजी फळं, कढीपत्ता बॅगेत नको. आंबा तर नाहीच, कितीही जवळचं माणूस तिकडे असलं तरी.

शहरांत कार्ड चालतं, गावांत रोख. घरगुती निवास, बस, देवळातली पेटी, रस्त्यावरचा खाऊ, सगळीकडे नोटा आणि नाणी लागतात. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं, पण किसो खोऱ्यातल्या गावांत ते दुकान असेलच असं नाही. खोऱ्याच्या आधी लागणाऱ्या मात्सुमोतो शहरात पैसे काढून मगच पुढे जा. रेल्वेसाठी सगळे जण 'जेआर पास'चं नाव घेतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासचा दर 29,650 वरून 50,000 येन झाला. या लेखातल्या मार्गाला तो परवडत नाही, सुटी तिकिटं काढा.

सामान पुढे पाठवा

जपानी प्रवासातली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे 'ताक्क्युबिन'. हॉटेलच्या काउंटरवर सुटकेस द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता आणि तारीख लिहायची, ती त्या दिवशी तिथं पोचलेली असते. मोठ्या बॅगेला साधारण दोन-तीन हजार येन लागतात. मात्सुमोतोहून मोठी बॅग थेट ताकायामाला पाठवा आणि मधल्या तीन रात्रींसाठी पाठीवर एक छोटी सॅक घ्या. खिंडीतल्या दगडी वाटेवर चाकांची बॅग ओढणारं एक जोडपं आम्हाला भेटलं होतं. चाकांचा आवाज झाडीतून आमच्या आधी दहा मिनिटं येत होता, आणि नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते.

सॅकमध्ये काय? सुती कपडे, हलका रेनकोट, छत्री, टोपी, एक पंचा. जपानी लोक उन्हाळ्यात गळ्याभोवती 'तेनुगुइ' नावाचा पातळ सुती पंचा ठेवतात, आपल्याकडच्या उपरण्याचा धाकटा भाऊच तो. बूट असे घ्या की जे नाडी न सोडता निघतील, कारण दिवसातून दहा-बारा वेळा काढावे लागतात. मोजे न फाटलेले! कचऱ्यासाठी एक पिशवी, कारण रस्त्यावर कचराकुंडी सापडत नाही, स्वतःचा कचरा स्वतःबरोबर निवासावर न्यायचा.

उन्हाचं म्हणाल तर आपण उन्हाळ्याची माणसं म्हणून फुशारकी नको. घाम सुकतच नाही आणि चालणं आपल्या सवयीपेक्षा कितीतरी जास्त होतं. पेयांची यंत्रं आडगावातही असतात. 'मुगिचा' म्हणजे भाजलेल्या सातूचा थंड काढा घ्या, त्यात साखर नसते आणि कॅफीनही नसतं. साडेअकरा ते तीन घराच्या आत राहायचं: संग्रहालय, जेवण, डुलकी. कुणाला चक्कर आलीच तर रुग्णवाहिका 119, पोलीस 110.

शाकाहाराचा प्रश्न

यावर जरा थांबते, कारण मराठी गटांच्या निम्म्या सहली इथंच बिघडतात.

"आम्ही मांस खात नाही" एवढं जपानमध्ये पुरत नाही. मासा वेगळा धरतात. आणि मासाही टाळला तरी 'दाशि' उरतोच. दाशि म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेकदा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कातळ्यांपासून केलेलं. सूप, भाजी, सोबा शेवयांबरोबरची चटणीवजा आमटी, सगळ्यात ते असतं, आणि दिसत नाही. वाढणाऱ्या काकू खोटं बोलत नसतात, त्यांच्या लेखी ताटात मासा नसतोच.

म्हणून काम बुकिंगच्या वेळीच करायचं. गाइडला निवासवाल्यांना फोन करायला लावा आणि "दाशि कोम्बुचा किंवा शिइताकेचा चालेल" असं सांगायला लावा. कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळ, शिइताके म्हणजे वाळवलेली अळिंबी. पर्याय दिला की यजमानांचा जीव भांड्यात पडतो. नुसतं "हे चालत नाही, ते चालत नाही" सांगितलं की ते घाबरून बुकिंगच नाकारतात. दाराशी पोचल्यावर सांगणं हा मात्र अपमान समजावा, त्या माउलीनं सकाळपासून बेत रचलेला असतो. स्वतःसाठी एक वाक्य पाठ ठेवा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशि मो दामे देस." मांस-मासे खात नाही, बोनिटोचं दाशिही चालत नाही.

बौद्ध मठांतलं 'शोजिन र्योरी' पूर्ण शाकाहारी असतं आणि परंपरेनं त्यात कांदा-लसूणही नसतो. ताकायामात ते मिळतं, आधी सांगावं लागतं. जैन मंडळींना मात्र आधीच कल्पना द्या की मुळा आणि इतर कंदमुळं त्यात हमखास असतात.

रस्त्यावर काय चालेल? किसोमध्ये 'गोहेइ-मोची': भात कुटून काडीवर थापायचा, अक्रोड-तिळाची सोया किंवा मिसोची चटणी लावून निखाऱ्यावर भाजायचा. चटणीत दाशि आहे का, तेवढं विचारा. नागानो भागात 'ओयाकी', म्हणजे भोपळा किंवा पालेभाजीचं सारण भरलेली जाड भाजकी पुरी म्हणा हवं तर. ताकायामात मॅग्नोलियाच्या पानावर मिसो भाजतात, त्याचा वास गल्लीभर असतो. आणि घरून मेतकूट न्या. जपानी चिकट भात म्हणजे आपला मऊभातच, त्यावर मेतकूट इतकं जमतं की आमच्या गाइडबाईंनी डबीचा फोटो काढून घेतला.

निवासातले नियम

'मिन्शुकु' म्हणजे घरगुती निवास, 'र्योकान' म्हणजे जरा थाटाचं. दोन्हीकडे भाड्यात सहसा रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरलेलं असतं आणि रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला. सातला पोचलो तर चालेल का, असं विचारू नका. पाचपर्यंत पोचा.

चपला दाराशी. आतल्या स्लिपर गवती चटईवर चालत नाहीत, तिथं फक्त मोजे. शौचालयाच्या स्लिपर वेगळ्या, आणि त्या घालून चुकून जेवणघरात येणारा माणूस प्रत्येक गटात एक तरी असतो. आमच्यात मीच होते. सुती 'युकाता' घालताना डावी बाजू उजवीच्या वर, उलटं फक्त मृताला नेसवतात. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची आणि पलंगाची सोय आधी विचारावी, बऱ्याच जुन्या घरांत दोन्ही नसतं.

आंघोळ हा आपल्या लोकांचा धसका. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण स्वच्छ व्हायचं, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. कपडे घालून नाही, बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं. संकोच वाटत असेल तर 'काशिकिरी', म्हणजे एका कुटुंबापुरतं न्हाणीघर आहे का ते विचारा. मिन्शुकुत सगळे पाहुणे एकाच पाण्यात पाळीपाळीनं उतरतात, म्हणून निघताना हौदाचं बूच काढू नका. आमच्या एका मामांनी सवयीनं काढलं. यजमानीणबाई हसल्या खऱ्या, पण त्या रात्री बाकीच्यांची आंघोळ नऊनंतर झाली.

आता मार्ग

दहा-अकरा रात्री धरा.

टोकियोत दोन रात्री, विमानाचा शीण जाईपर्यंत. मग शिंजुकुहून 'आझुसा' गाडीनं अडीच-पावणेतीन तासांत मात्सुमोतो. तिथला काळा किल्ला सोळाव्या शतकाच्या अखेरचा, मूळ लाकडी. जिने इतके उभे की एके ठिकाणी चढ 61 अंशांचा आहे, आणि बूट हातातल्या पिशवीत घेऊन चढायचं. गुडघ्यांची तक्रार असेल तर खाली खंदकाकाठी बसा, दृश्य तिथूनच छान आहे. एक रात्र.

दुसऱ्या दिवशी बॅगा ताकायामाकडे रवाना करून लोकल गाडीनं नाराइ. इथं 'नाकासेन्दो' भेटतो. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, टोकियो (तेव्हाचं एदो) आणि क्योतो जोडणारे दोन मुख्य रस्ते होते: समुद्राकडून तोकाइदो, डोंगरातून नाकासेन्दो. नाकासेन्दो सुमारे 530 किलोमीटर, त्यावर 69 टप्पे, त्यातले 11 किसो खोऱ्यात. तोकाइदोवर मोठ्या नद्या ओलांडाव्या लागत, म्हणून घराण्यातल्या बायका बऱ्याचदा डोंगराचा रस्ता धरत. 1861 मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याशी, लग्न करायला याच वाटेनं गेली. किसो-फुकुशिमाच्या नाक्यावर दोन गोष्टींची कसून झडती व्हायची: एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका. सरदारांच्या बायका एदोत ओलीस ठेवलेल्या असत, त्या निसटल्या तर बंड आलं म्हणून समजा. ही गोष्ट गाइडकडून त्या नाक्यावरच ऐकायची.

नाराइची गल्ली साधारण एक किलोमीटर लांब. वरचा मजला पुढे आलेली काळपट घरं, मधूनमधून वाटसरूंसाठी लाकडी पन्हळीतून पडणारं पाणी. बाटली तिथंच भरा. रात्र इथंच काढा आणि पहाटे उठा. सहा वाजता रस्त्यावर झाडू मारणाऱ्या आजी आणि तुम्ही, एवढेच.

सकाळी गाडीनं नाकात्सुगावा आणि तिथून बसनं मागोमे. मागोमे ते त्सुमागो हा आठ किलोमीटरचा पायरस्ता या सहलीचा गाभा आहे. मागोमेहूनच सुरुवात करा, कारण मागोमे उंचावर आहे. खिंडीपर्यंत, म्हणजे सुमारे 800 मीटरपर्यंत मध्यम चढ, नंतर उतारच उतार. उलट्या दिशेनं गेलात तर चढ दुप्पट. आरामात अडीच-तीन तास. दुपार व्हायच्या आत सावलीच्या टप्प्यात शिरलेलं बरं. वाटेत ठिकठिकाणी टांगलेल्या घंटा दिसतील, त्या शोभेच्या नाहीत. अस्वलांना माणसाची चाहूल लागावी म्हणून वाजवायच्या, जोरात. मध्यावर एक जुनं चहाघर लागतं, तिथं स्वयंसेवक पाहुण्यांना चहा देतात. ज्यांना चालवत नाही त्यांनी मागोमे–त्सुमागो बस घ्यावी. दिवसाला थोड्याच असतात, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

दोन्ही बाजूंची झाडं 'हिनोकी', म्हणजे जपानी सायप्रस. एदो काळात किसोचं जंगल राखीव होतं, आणि "एका झाडाला एक डोकं" अशी शिक्षेची म्हण होती. इसेचं मंदिर दर 20 वर्षांनी नव्यानं बांधतात, त्याला बरंचसं लाकूड इथून जातं.

मागोमे आगीत जळून पुन्हा उभं राहिलंय, त्याची दगडी चढण देखणी असली तरी घरं तेवढी जुनी नाहीत. त्सुमागो खरं. रेल्वे आणि नवा रस्ता दुसरीकडून गेल्यावर गाव ओस पडत होतं. 1968 पासून गावकऱ्यांनी घरं दुरुस्त करायला घेतली आणि तीन गोष्टी ठरवल्या: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेच्या तारा समोरून दिसत नाहीत, दिवसा मुख्य गल्लीत गाड्या येत नाहीत. 1976 मध्ये सरकारनं जुन्या वस्त्यांना संरक्षण द्यायला सुरुवात केली, त्या पहिल्या यादीत त्सुमागो होतं. आमच्या यजमानीणबाईंनी जेवणानंतर सगळ्यांना बाहेर गल्लीत नेलं. दिवे कागदी, मंद. कुणाच्या तरी घरात वाऱ्याची काचघंटी वाजत होती आणि सिकाडा किडे एकदम थांबले. बाईंनी बोट वर केलं. आकाशगंगा.

तिथून नागिसो स्थानक, नागोयामार्गे गुजो हाचिमान. उन्हाळ्यातच जायचं कारण हवं असेल तर ते हे गाव. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसेक रात्री इथं रस्त्यावर नाच चालतो, 'गुजो ओदोरी'. चारेकशे वर्षांची परंपरा, 2022 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या लोकनृत्यांपैकी एक. मधे लाकडी मंडप, वर गाणारे आणि ढोल-बासरीवाले, भोवती गोल. बघ्यांसाठी खुर्च्या नाहीत, कारण बघायचं नसतंच, शिरायचं असतं. पुढच्या माणसाचे पाय बघा: दोन पावलं, एक टाळी, 'गेता' या लाकडी चपलांचा टक्क आवाज. तिसऱ्या फेरीला पाय आपोआप पडतात. गरब्यात ज्यांनी चुकत-चुकत गोल धरलाय त्यांना काहीच अवघड नाही. 13 ते 16 ऑगस्टला नाच पहाटेपर्यंत चालतो, पण तेव्हा खोली मिळणं मुश्किल. साध्या रात्री जा, जागा रोज बदलते, ती निवासात विचारा. दिवसा गावातले पाण्याचे पाट बघा. झऱ्याचं पाणी टाक्यांतून खाली खाली उतरतं: वरचं पिण्याचं, मग तांदूळ-भाज्या धुवायचं, मग भांड्यांचं. आपल्या नदीघाटांवरचा अलिखित नियम इथं दगडात बांधलेला.

ताकायामाला दोन रात्री. सकाळचा बाजार, सानमाची गल्ल्या, साके गाळणाऱ्या घरांच्या दारावर टांगलेले देवदाराच्या पानांचे गोळे. 'जिन्या' हे शोगुनाच्या अधिकाऱ्यांचं कचेरीघर चुकवू नका. 1692 मध्ये हा प्रांत थेट शोगुनाच्या ताब्यात आला, तो इथलं लाकूड आणि खाणी हव्या होत्या म्हणून. शेतसाऱ्याचा तांदूळ ठेवायची कोठारं अजून उभी आहेत. मुख्य गल्ली दहानंतर माणसांनी फुलते, तेव्हा तुम्ही 'जिन्या' कचेरीत असा.

मग बसनं पन्नास मिनिटांवर शिराकावा-गो. 'गाश्शो' म्हणजे जोडलेले हात, आपला नमस्कार. छपरं तशीच, सुमारे साठ अंशांची, बर्फ घसरून जावा म्हणून. आढे दोरांनी बांधलेले, खिळे नाहीत. माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे, खाली चुलीचा धूर वर जाऊन गवत आणि दोर टिकवायचा. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर बदलायचं तर सगळं गाव एका घरावर चढतं, त्या सामुदायिक मेहनतीला 'युइ' म्हणतात. 1995 पासून हे गाव जागतिक वारशात आहे, तरी लोक राहतात, भात लावतात. त्यामुळे बांधावर उतरू नका, उघड्या दारात डोकावू नका आणि आगीच्या बाबतीत फार जपा, सगळं गवताचं आहे. मुक्कामाची घरं थोडी, न्हाणीघर सामायिक, भिंती कागदी. घोरणाऱ्यांनी आधी कबुली द्यावी. बुकिंग पाच-सहा महिने आधी, सगळ्या सहलीत हेच पहिलं करायचं आणि बाकी तारखा याच्याभोवती बसवायच्या.

शेवटी कानाझावा, दोन रात्री. केनरोकुएन बाग सकाळी लवकर, सामुराईंच्या मातीच्या भिंतींची नागामाची गल्ली, सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम हवं असेल तर तेही. जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख इथंच बनतो. इथं गाइड लागत नाही, त्याला ताकायामाकडेच निरोप द्या.

टोकियोला परतताना शिन्कान्सेननं सुमारे अडीच-तीन तास. तिकीट काढताना उजवीकडची खिडकी मागा. तोयामा आल्यावर हवा स्वच्छ असेल तर तातेयामाची डोंगररांग दिसते, आणि उन्हाळ्यातही तिच्यावर कुठं कुठं बर्फाच्या रेघा असतात.